मुलगा फोनवर बोलतो तेव्हा त्याच्या शेजारी कोण बसलेलं असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईने लिहिलंय की मुलगा १५ वर्षांचा आहे, दहावीत आहे. वर्षभरात शाळा जवळजवळ सुटली. व्हेपमधून गांजा ओढतो. एकदा रागाच्या भरात खोलीचं दार फोडलं. गेल्या महिन्यात एका भांडणात "मला जगायचंच नाहीये" असं म्हणाला. ओळखीतून भेटलेल्या एका एज्युकेशनल कन्सल्टंटने (म्हणजे मुलांसाठी शाळा आणि केंद्रं सुचवणाऱ्या सल्लागाराने) सुचवलंय की आधी युटाहमध्ये दहा-बारा आठवड्यांचा विल्डरनेस प्रोग्राम, म्हणजे रानावनात राहून करायचा उपचार कार्यक्रम, करायचा आणि तिथून परस्पर वर्षभरासाठी थेरप्युटिक बोर्डिंग स्कूल, म्हणजे उपचारही करणारी निवासी शाळा. मुलाला आधी काही सांगायचं नाही, पहाटे चार वाजता दोन माणसं घरी येतील आणि त्याला घेऊन जातील. नवरा तयार झालाय. पुण्याहून सासूबाई म्हणतात की त्यापेक्षा इकडे पाठवा. आणि ही आई विचारते: "अशा ठिकाणी मुलांचा छळ होतो असं वाचलं. सगळीकडेच होतो का? चांगली जागा ओळखायची कशी?"

ताई, मी २२ वर्षं इथे किशोरवयीन मुलांबरोबर क्लिनिकल सोशल वर्कर म्हणून काम करते. पहिली अडीच वर्षं मी अशाच एका खाजगी निवासी केंद्रात नोकरी केली. त्यानंतर क्लिनिकमध्ये आले, आणि तिथे अशा केंद्रांतून घरी परतलेली मुलं माझ्याकडे येत राहिली. म्हणजे हा प्रकार मी आतूनही बघितलाय आणि नंतर त्याची फळं भोगणाऱ्या मुलांच्या चेहऱ्यावरही बघितलाय. तेवढ्या अधिकाराने लिहिते.

आधी आजचं काम. तो "जगायचं नाही" म्हणाला, ते भांडणातलं बोलणं म्हणून सोडून देऊ नका. शांत वेळ बघून त्याला सरळ विचारा, "तुझ्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कोणीतरी ऐकतंय हे कळून मुलं मोकळी होतात. घरातली सगळी औषधं, अगदी टायलेनॉलची बाटलीसुद्धा, कुलपात ठेवा. ९८८ हा आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठीच्या हेल्पलाइनचा क्रमांक तुमच्या, नवऱ्याच्या आणि मुलाच्याही फोनमध्ये असू दे. तिथे फोन करता येतो, मेसेजही करता येतो. न्यू जर्सीत राज्याची मुलांसाठीची मोबाइल रिस्पॉन्स सेवा आहे. ती सांभाळणाऱ्या परफॉर्मकेअर या संस्थेला फोन केला की प्रशिक्षित माणूस साधारण तासाभरात तुमच्या घरी येतो, रात्री-अपरात्रीसुद्धा. ही सेवा कशी असते हे तुम्ही पहाटेच्या त्या दोन माणसांच्या आधी बघावं असं मला फार वाटतं. आणि तो आत्ता, या क्षणी धोक्यात आहे असं वाटलं तर पुढचं वाचत बसू नका, ९११ करा किंवा त्याला इमर्जन्सीत घेऊन जा.

आता मूळ प्रश्न. "जागा चांगली आहे का" हे तुम्ही विचारताय, पण त्याचं उत्तर घरबसल्या तुम्हालाही मिळणार नाही आणि मलाही नाही. वेबसाइट प्रत्येकाची छान असते. घोडे असतात, डोंगर असतात, हसणारी मुलं असतात. तुम्ही विचारायला हवा तो प्रश्न वेगळा आहे: तिथे माझ्या मुलाचं काही वाईट झालं तर ते मला कसं कळेल? आणि कळलं तर मी त्याच्यावर विश्वास ठेवण्याच्या अवस्थेत असेन का?

हा दुसरा भाग मला नोकरीत शिकायला मिळाला, आणि तो मी कधी विसरणार नाही.

आमच्या केंद्रात आठवड्यातून एकदा, पंधरा मिनिटं, घरी फोन असायचा. छोटी खोली, टेबलावर स्पीकरफोन, एका बाजूला मुलगा आणि दुसऱ्या बाजूला मी. फोनच्या बटणाजवळ माझं बोट. मुलाने जेवणाबद्दल, स्टाफबद्दल तक्रार सुरू केली किंवा "मला घरी घेऊन चला" म्हणाला की कॉल थांबवायचा, अशी सूचना होती. आईवडिलांना पहिल्याच दिवशी एक छापील कागद मिळायचा. त्यात लिहिलेलं असायचं की पहिले काही आठवडे मुलं घरी येण्यासाठी वाट्टेल ते सांगतील, उपाशी ठेवतात म्हणतील, मारतात म्हणतील, हा त्यांच्या आजाराचाच भाग आहे, तुम्ही विरघळलात तर त्याचंच नुकसान होईल.

१४ वर्षांचा एक मुलगा होता. ओळख पटू नये म्हणून इथले सगळे बारकावे मी बदललेत, पण घडलं ते असंच. तो फोनवर आईला म्हणाला, "माझा हात खूप दुखतोय, त्यांनी मला खाली पाडून धरलं होतं." मी कॉल म्यूट केला. त्याला बाहेर पाठवलं. आणि त्याच्या आईला सांगितलं, "हे अपेक्षित आहे. तो तुमच्या भावनांशी खेळतोय. तुम्ही घट्ट राहा." ती माउली मला "थँक यू" म्हणाली. तो मुलगा उजव्या हाताने लिहायचा. दोन दिवस मी त्याला डाव्या हाताने वाकडीतिकडी अक्षरं काढताना बघत होते, आणि माझ्या डोक्यात एकच, नाटक करतोय. चौथ्या दिवशी नर्सने हट्टाने एक्स-रे काढायला लावला. मनगटाजवळचं हाड मोडलेलं होतं.

मी दुष्ट नव्हते. माझी मालकीणही राक्षस नव्हती. पण तिथली पद्धतच अशी होती की मुलाने तोंड उघडायच्या आधीच त्याचा शब्द खोटा ठरलेला असायचा. आईवडिलांच्या बाबतीत तो कागदाने खोटा ठरवलेला, माझ्या बाबतीत प्रशिक्षणाने. मूल खोटारडं आहे असं सगळ्यांनी एकदा धरून चाललं की मग त्याला कोणी काहीही करू शकतं. नोकरी सोडायला मला त्यानंतरही सहा महिने लागले. याचं मला आजही वाईट वाटतं.

हा माझ्या एकटीचा अनुभव असता तर मी एवढं ठामपणे लिहिलं नसतं. अमेरिकेत या धंद्याचा इतिहास जुना आहे. १९५८ मध्ये कॅलिफोर्नियात सिनॅनॉन नावाची व्यसनमुक्तीची संस्था निघाली. एकाला मधोमध बसवून बाकीच्यांनी तासन्‌तास त्याला शिव्या घालायच्या आणि मोडून काढायचं, ही तिथली 'थेरपी'. पुढे ती संस्था एखाद्या पंथासारखी झाली आणि बुडाली, पण तिची पद्धत मुलांच्या केंद्रांत उतरली. फ्लोरिडात १९७० मध्ये 'द सीड' सुरू झालं, १९७६ मध्ये 'स्ट्रेट'. सीडच्या पद्धतींची तुलना १९७४ च्या एका सिनेट अहवालात उत्तर कोरियाने युद्धकैद्यांवर वापरलेल्या तंत्रांशी केली गेली. नव्वदीत युटाहमधून चालणाऱ्या एका मोठ्या साखळीने तर जमैका आणि मेक्सिकोपर्यंत केंद्रं काढली. एक बंद पडलं की दुसऱ्या नावाने, दुसऱ्या राज्यात सुरू व्हायचं. माणसं तीच, पाटी नवी.

२००७ मध्ये अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण संस्थेने, म्हणजे गाओने, यावर चौकशी केली. एकट्या २००५ या वर्षात ३३ राज्यांनी निवासी केंद्रांतल्या १,६१९ कर्मचाऱ्यांचा मुलांच्या छळाच्या घटनांमध्ये सहभाग असल्याचं कळवलं होतं. १९९० ते २००४ या काळात मुलं दगावलेली दहा प्रकरणं त्यांनी तपशीलवार तपासली. अप्रशिक्षित स्टाफ, अपुरं अन्न आणि बेफिकीर कारभार ही कारणं पुन्हापुन्हा पुढे आली. युटाहच्या वाळवंटात १९९४ मध्ये मरण पावलेल्या १६ वर्षांच्या मुलाची गोष्ट वाचताना मला तो डाव्या हाताने लिहिणारा मुलगा आठवतो. युटाहचा तो मुलगा आठवडे न् आठवडे खंगत होता, पोट दुखतंय म्हणत होता, आणि स्टाफला वाटत होतं की हा सोंग करतोय. त्याच्या पोटातला व्रण फुटला होता.

हे सगळं जुनं झालं असं कन्सल्टंट म्हणतील. २०२० मध्ये मिशिगनमधल्या कॅलमझू इथल्या केंद्रात १६ वर्षांच्या मुलाने जेवताना सँडविच फेकलं म्हणून मोठ्या माणसांनी त्याला जमिनीवर दाबून धरलं, साधारण बारा मिनिटं. तो गेला. आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या एका विल्डरनेस प्रोग्राममध्ये १२ वर्षांचं पोर पहिल्याच रात्री गुदमरून मेलं. त्याला न्यू यॉर्कहून दोन माणसांनीच तिथे नेऊन सोडलं होतं. झोपायला दिलेल्या पिशवीवजा तंबूला अलार्म लावलेला होता, मूल पळून जाऊ नये म्हणून. राज्याने नंतर त्या प्रोग्रामचा परवाना रद्द केला.

म्हणजे सगळीकडेच छळ होतो का? नाही. चांगले, कळवळ्याचे लोक मी अशा ठिकाणीही बघितलेत. ज्यांना तिथून खरंच फायदा झाला अशी मुलंही माझ्याकडे आली आहेत, थोडी, पण आली आहेत. अडचण अशी की चांगली आणि वाईट जागा बाहेरून सारख्याच दिसतात, आणि त्यांच्यातला फरक सांगू शकेल असा साक्षीदार एकच असतो, तो म्हणजे तुमचा मुलगा.

"परवाना आहे, ॲक्रेडिटेशन आहे" हे तुम्हाला सांगतील. त्याचा अर्थ समजून घ्या. या खाजगी केंद्रांवर देशभर सारखा लागू होणारा कायदा नाही. प्रत्येक राज्याचं वेगळं. मिझुरीत धार्मिक संस्थांनी चालवलेल्या अशा केंद्रांवर २०२१ पर्यंत राज्याची जवळजवळ देखरेखच नव्हती. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय कायदा झाला खरा, पॅरिस हिल्टन या प्रसिद्ध सेलिब्रिटीने आणि या केंद्रांतून बाहेर पडलेल्या शेकडो मुलामुलींनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केल्यावर. पण त्या कायद्याने मुख्यतः राष्ट्रीय पातळीवरच्या अभ्यासाची सोय झाली. उद्या तुमच्या मुलाला कोणी कोंडून ठेवलं तर तो कायदा धावून येणार नाही. युटाहचं मात्र तुम्हाला उपयोगी पडेल असं एक आहे. हिल्टन स्वतः किशोरवयात युटाहमधल्या प्रोव्होच्या केंद्रात होती, आणि २०२१ मध्ये तिने तिथल्या विधिमंडळासमोर साक्ष दिली. त्यानंतर झालेल्या कायद्याने केंद्रांवर वर्षातून चार तपासण्या आणल्या, दाबून धरणं आणि कोंडून ठेवणं यांवर मर्यादा घातल्या, आणि मुलाला आठवड्यातून एकदा घरच्यांशी खाजगीत बोलण्याचा हक्क दिला. खाजगीत म्हणजे स्पीकर बंद आणि शेजारी कोणी नाही.

त्या पहाटे चारच्या माणसांबद्दल माझं मत विचाराल तर एका शब्दात सांगते, नको. इथे मला 'परिस्थितीवर अवलंबून' असं काही म्हणायचं नाहीये. तुमच्या मुलाच्या बाजूने बघा. आपल्या अंथरुणात गाढ झोपलाय. डोळे उघडतात तेव्हा दोन अनोळखी दांडगी माणसं पायाशी उभी असतात. आई दारात रडतेय आणि म्हणतेय, "यांच्याबरोबर जा." पळण्याचा प्रयत्न केला तर हात बांधले जाऊ शकतात. या मुलांशी मी नंतर बोलते तेव्हा केंद्रातल्या दिवसांबद्दल ती तुटक बोलतात, पण त्या पहाटेबद्दल मात्र बारीकसारीक सांगतात. आई कुठे उभी होती, बाबांनी कुठला शर्ट घातला होता, कुत्रा भुंकला का नाही. एक मुलगी तीन वर्षांनंतरही दाराला खुर्ची लावून झोपायची, स्वतःच्याच घरात. ज्या मुलाने जगायचं नाही म्हटलंय, त्याला या क्षणी सगळ्यात जास्त गरज कशाची असेल तर घर ही सुरक्षित जागा आहे या भावनेची. तीच नेमकी त्या पहाटे मोडते.

घरी परतलेल्या मुलांचं आणखी एक सांगते. १७ वर्षांचा, सहा फूट उंच मुलगा, चौदा महिने बाहेर राहून आलेला. पहिल्या दिवशी माझ्या खोलीच्या दारात थांबला. मी "ये ना आत" म्हटलं तरी पायाची बोटं बरोबर दाराच्या पट्टीला लावून उभा. तिसऱ्यांदा बोलावल्यावर माझ्या लक्षात आलं की तो "आत येऊ का?" हे विचारण्याची परवानगी मिळण्याची वाट बघतोय. तिथे प्रत्येक दार ओलांडताना विचारावं लागायचं. त्याच्या आईने मला मोठ्या समाधानाने सांगितलं होतं, "आता खूप शिस्तीत वागतो." ताई, आपल्या लोकांना हे दृश्य फार फसवतं. गप्प बसलेलं, मान खाली घातलेलं, 'येस सर' म्हणणारं मूल आपल्याला सुधारलेलं वाटतं. त्यातलं किती सुधारणं असतं आणि किती भीती, ते सहा महिन्यांनी कळतं. धाक दाखवून मुलं सरळ करण्याच्या कार्यक्रमांचा उपयोग होत नाही, उलट त्यांनी प्रश्न चिघळू शकतो, असं अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या तज्ज्ञांच्या गटाने २००४ मध्येच सांगितलंय. अडचणीतल्या पंधरा-वीस मुलांना एकत्र कोंडलं की ती एकमेकांकडून नको ते शिकतात, हेही संशोधनातून १९९९ पासून नीट मांडलं गेलंय. तुमचा मुलगा आज व्हेपवर आहे. तिथे त्याची संगत कोणाशी होईल ते तुमच्या हातात नसेल.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगते. निवासी उपचार कधीच लागत नाहीत असं नाही. खाणं बंद होऊन वजन धोक्याच्या पातळीवर आलेलं मूल, पुन्हापुन्हा जीव द्यायचा प्रयत्न करणारं मूल, भास होणारं मूल, फेंटानिल (अगदी थोडं घेतलं तरी जीव घेऊ शकणारं ड्रग) मिसळलेल्या गोळ्यांपर्यंत पोचलेलं मूल, यांना कधीकधी चोवीस तास देखरेख लागते. अशा वेळी मी स्वतः आईवडिलांना पाठवा म्हणून सांगितलंय. पण मी पाठवते तेव्हा काही गोष्टी बघते. जागा घरापासून गाडीने जाण्याच्या अंतरावर असावी. शक्यतो रुग्णालयाशी जोडलेली असावी. सायकियाट्रिस्टने मुलाला स्वतः तपासून गरज लिहून दिलेली असावी, फक्त कन्सल्टंटने नाही. मुक्काम महिन्यांत नाही तर आठवड्यांत मोजलेला असावा आणि दर आठवड्याला आईवडिलांसह फॅमिली थेरपी असावी. घरी कधी आणि कसं सोडणार याचा आराखडा दाखल होतानाच हातात मिळावा. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या मुलाचं नीट सायकियाट्रिक मूल्यमापनच अजून झालेलं दिसत नाही. दुखणं काय आहे ते कळायच्या आधी आपण त्याला दोन हजार मैलांवर पाठवायला निघालोय.

शाळा सोडणारा, खोलीत कोंडून घेणारा, गांजा ओढणारा पंधरा वर्षांचा मुलगा बघितला की मी आधी त्याला नैराश्य आहे का ते बघते, मग चिंता, मग न ओळखलं गेलेलं एडीएचडी (लक्ष न टिकण्याचा विकार), मग शाळेत कोणी छळतंय का, आणि कधीकधी लैंगिक अत्याचार. यातलं एकही डोंगरात चालून बरं होत नाही. आधी चाइल्ड सायकियाट्रिस्टची अपॉइंटमेंट घ्या. वेटिंग लांब असेल तर पीडियाट्रिशियनकडून तातडीची चिठ्ठी घ्या. मग इंटेन्सिव्ह आउटपेशंट किंवा पार्शल हॉस्पिटलायझेशनबद्दल विचारा. मूल दिवसाचे काही तास उपचाराला जातं आणि रात्री स्वतःच्या अंथरुणात झोपतं. स्वतःला इजा करण्याचे विचार असतील तर किशोरवयीनांसाठीची डीबीटी, म्हणजे तीव्र भावना सांभाळायला शिकवणारी थेरपी, आणि घरातली भांडणं, शाळा, व्यसन असं सगळं एकत्र आलं असेल तर थेरपिस्ट घरी येऊन सगळ्या कुटुंबाबरोबर काम करतो ती मल्टिसिस्टेमिक थेरपी, या दोन्ही अभ्यासाने तावूनसुलाखून निघालेल्या पद्धती आहेत. शाळेला लेखी पत्र देऊन चाइल्ड स्टडी टीमकडून मूल्यमापन मागा. लेखी मागितलं की त्यांना मुदतीत उत्तर द्यावं लागतं. हे सगळं कंटाळवाणं आहे, फोन करून जीव मेटाकुटीला येतो, इन्शुरन्सवाले तासभर होल्डवर ठेवतात. पण त्या प्रोग्रामचे रोजचे पाचशे-सहाशे डॉलर गुणिले ऐंशी दिवस असा हिशोब नवऱ्याबरोबर बसून एकदा करा. घर गहाण टाकून पैसे भरलेली कुटुंबं मी बघितली आहेत. एवढा पैसा उभा करण्याची तयारी असेल तर त्यातल्या काही भागात चांगला थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा, वर्षभर मिळतो.

त्या कन्सल्टंटलाही काही विचारा. तुम्ही माझ्या मुलाला किती वेळ भेटलात? (बहुतेक वेळा उत्तर असतं, भेटलेच नाही.) या प्रोग्रामला तुम्ही शेवटचं कधी गेलात, आणि त्या भेटीचा खर्च कोणी केला? तिथून घरी परतलेल्या, आता विशी ओलांडलेल्या मुलांपैकी कोणाशी मला बोलता येईल का? आईवडिलांशी बोलणं करून देतील, ते पुरेसं नाही. आईवडिलांना काय सांगितलं जातं ते मी वर लिहिलंय, ते सांगणारी मीच होते. राज्याच्या परवाना विभागाकडून त्या केंद्राचे तपासणी अहवाल आणि तक्रारी मागवा. संस्थेचं आधीचं नाव काय होतं, चालक आधी कुठे होते, हेही शोधा. कागदांवर सही करायच्या आधी पालकत्वाचे अधिकार सोपवणारं कलम वकिलाला दाखवा. त्यात कधीकधी मुलाला दाबून धरण्याची, झडती घेण्याची आणि त्याची पत्रं वाचण्याची परवानगी तुम्हीच देऊन टाकलेली असते.

सासूबाईंचं म्हणणं मला समजतं. नातवाची काळजी आहे त्यांना. भारतात नेणं आणि भारतातल्या एखाद्या केंद्रात ठेवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आजीकडे महिनाभर राहून मन शांत होत असेल, आणि त्याची स्वतःची इच्छा असेल, तर उपचार चालू ठेवून सुट्टीत जरूर न्या. पण तिथल्या एखाद्या 'सुधार' वसतिगृहात किंवा व्यसनमुक्ती केंद्रात फसवून नेऊन सोडू नका. प्रकार तोच होईल, फक्त भाषा मराठी असेल. भारताच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात अल्पवयीन मुलाला दाखल करण्यावर कडक अटी आहेत. दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासायला हवं, मुलाला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवायला हवं, आणि पूर्ण वेळ जवळचं माणूस सोबत हवं. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. आईला किंवा मावशीला जिथे मुलाजवळ राहू देत नाहीत, तिथे तिने मूल ठेवूच नये.

हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं मूल आत्ता अशा ठिकाणी असेल तर त्यांच्यासाठी. घाबरू नका, आणि स्वतःला दोष देत रात्री घालवू नका. उद्या न कळवता तिथे जा. मुलाला आवाराबाहेर जेवायला न्या. शर्टाची बाही वर करायला सांगा, वजन बघा, आणि तो जे सांगेल ते मध्ये न बोलता ऐका. तो काहीच बोलला नाही तरी त्याचा अर्थ सगळं ठीक आहे असा नाही, कारण परत तिथेच जायचंय हे त्याला माहीत असतं. "तू काहीही सांगितलंस तरी मी तुझं ऐकून घेईन, आणि नको असेल तर आज परत सोडणार नाही" हे आधी म्हणा, आणि म्हटलंत तर पाळा. आईवडील म्हणून तुम्ही मुलाला परत नेऊ शकता. "आत्ता नेलंत तर तो मरेल, तुरुंगात जाईल" असं सांगून पालकांना थोपवतात, तेव्हा तिथे उभ्या उभ्या आपल्या डॉक्टरांना फोन लावा. मारहाण, कोंडणं किंवा लैंगिक अत्याचार झाला असेल तर त्या राज्याच्या बाल अत्याचार हेल्पलाइनला आणि पोलिसांना कळवा. प्रत्येक राज्यात अपंग आणि मानसिक आजार असलेल्यांच्या हक्कांसाठी 'प्रोटेक्शन अँड ॲडव्होकसी' संस्था असते. तिला केंद्रांत शिरून चौकशी करण्याचे अधिकार आहेत. फार लोकांना ती माहीतच नसते.

आपल्या मराठी कुटुंबांबद्दलही एक सांगायचंय. मूल अशा ठिकाणी गेलं की आपण मंडळात सांगतो, "बोर्डिंगला घातलंय." गणपतीला विचारलं तर विषय बदलतो. मग भारतातून आजी-आजोबांचा फोन नाही, इथल्या काका-मावशीचा फोन नाही, कोणी भेटायला जात नाही. ज्या मुलाची चौकशी करणारी माणसं कमी, त्याच्यावर हात टाकायला सोपं असतं. तेव्हा निदान दोन माणसांना खरं सांगा, ज्यांच्याशी मुलगा मोकळं बोलतो अशा. आणि मुलाचे बाबा या निर्णयाला का तयार झाले तेही त्यांना प्रेमाने विचारा. माझ्या अनुभवात वडील बहुतेक वेळा घाबरलेले असतात, आणि 'काहीतरी ठोस केलं' या समाधानासाठी सही करतात.

उद्या सकाळी आधी कन्सल्टंटला फोन करून ती पहाटेची तारीख रद्द करा, डिपॉझिट बुडालं तरी चालेल. मग युटाहच्या त्या प्रोग्रामला फोन लावा आणि एवढंच विचारा: "माझा मुलगा माझ्याशी पहिल्या आठवड्यापासून, शेजारी कोणी नसताना, स्पीकर बंद करून, हव्या त्या विषयावर बोलू शकेल का? आणि तो तक्रार करू लागला तर कॉल चालू राहील का?" उत्तर जसंच्या तसं कागदावर उतरवून घ्या. मध्ये किती वेळ शांतता होती तेही लिहा. मग ते इथे टाका, मी वाचते.